बसलेला संघ आणि धावता संघ

फुटबॉलच्या सामन्याचे फोटो काढायचे तर कॅमेरा कोणता घ्यावा, लेन्स केवढी असावी आणि आकडे कोणते लावावेत, हा प्रश्न अलीकडे उपनगरांतील तरुण मंडळी आम्हांला विचारू लागली आहेत. कामगार संघटनेच्या माणसाला हा प्रश्न कशासाठी, असे श्रोत्यांना वाटणे साहजिक आहे. अंधेरी, मरोळ, कांदिवली, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील कारखान्यांच्या दारांवर आमची तीसेक वर्षे गेली. गेट-सभा, मोर्चे आणि कामगारांचे सामने यांचे फोटो संघटनेत कोणीतरी काढावेच लागतात. ते काम बहुधा आमच्याच गळ्यात पडत आले. शाळा आठवीपर्यंतची; पुढचे जे काही कळले ते सार्वजनिक वाचनालयात आणि फोटोग्राफीचे म्हणाल तर एका स्नेह्याच्या डार्करूममध्ये. तेव्हा विषय अगदीच परका नाही. नुसते आकडे सांगायचे तर हे व्याख्यान पाच मिनिटांत आटपेल. पण ते आकडे असे का झाले, हे सांगू लागले की मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास आपोआप उलगडतो, आणि त्या इतिहासात खेळणारा माणूस कोठे दिसतो व कोठे दिसत नाही, हेही उमगते. आम्हांला आज त्याविषयी बोलायचे आहे.

जुन्या मुंबईतील कारखान्याच्या, गिरणीच्या अथवा रेल्वेच्या क्रीडामंडळाच्या खोलीत गेले की भिंतीवर एकाच जातीचा फोटो आढळे. पुढे खुर्च्यांची रांग, खुर्च्यांवर साहेबलोक, मध्यभागी मॅनेजर आणि त्याच्या पायाशी चषक. मागे हाताची घडी घालून उभे असलेले खेळाडू. अगदी पुढे जमिनीवर मांडी घातलेले दोघे आणि त्यांच्यामध्ये चेंडू; चेंडूवर खडूने लिहिलेले साल. खाली नावांची पट्टी असे, तीत खुर्चीवरच्यांची नावे हुद्द्यासकट छापलेली, आणि उभ्या असलेल्यांची पुष्कळदा आडनावेच. फोटो संघाचा खरा. पण त्यात खेळ नाही. सगळे बसलेले किंवा उभे. धावत्या पायांचा, उडालेल्या चिखलाचा, हेडिंगसाठी वर गेलेल्या मानेचा फोटो त्या भिंतीवर आम्ही क्वचितच पाहिला. इतकी वर्षे इतके सामने झाले, मग असे का? याचे एक उत्तर प्रकाशाचे आहे आणि दुसरे पैशाचे. दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की एकाचा धागा ओढला की दुसरा हलतो.

मुंबईत कॅमेरा लवकर आला. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. परंतु त्या दिवसांतील काचेवर फोटो उतरायला कित्येक सेकंद लागत. माणसाला मान हलवू नको म्हणून सांगावे लागे. चालणारी वस्तू पकडण्याची पहिली मोठी खटपट अमेरिकेत १८७८ साली मायब्रिजने केली. त्याने ओळीने कॅमेरे मांडले, घोडा पुढून दौडत गेला आणि घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे सिद्ध झाले. घोडा रेल्वेच्या मालकाचा, कॅमेऱ्यांचा खर्चही त्याचाच! वेगाचे छायाचित्र हे आरंभापासून पैसेवाल्याचे काम होते, एवढीच नोंद येथे करून पुढे जाऊ.

आपल्याकडे खेळावर कॅमेरा रोखण्याचा मान एका मराठी माणसाकडे जातो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणत. ते मूळचे छायाचित्रकार. १८९६ साली वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईकरांनी पाहिली. त्यांतून स्फूर्ती घेऊन सावेदादांनी विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. त्यांनी कुस्ती निवडली यात मोठा शहाणपणा होता, असे आम्हांला वाटते. कुस्ती एका जागी होते, उजेडात होते, आणि पैलवान कॅमेऱ्यापासून दूर पळून जात नाहीत. फुटबॉलही तेव्हा मुंबईत होताच. रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला होता आणि गोऱ्या पलटणी तो आपसांत जिंकत होत्या. पण फुटबॉलचे मैदान शंभर मीटर लांब, त्यात बावीस माणसे, आणि चेंडू कोठे जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसते.

थोडा हिशेब करू. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला आठ मीटर जातो असे धरा. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके उघडे राहिले, तर तेवढ्यात तो सोळा सेंटिमीटर सरकला. म्हणजे फोटोत माणसाऐवजी धूर दिसणार. पाचशेव्या भागात तो दीड सेंटिमीटर सरकतो आणि हजाराव्या भागात आठ मिलिमीटर. चेंडूचे याहून कठीण. जोरकस किकचा चेंडू सेकंदाला पंचवीस मीटर गेला, तर पन्नासाव्या भागात तो अर्धा मीटर जातो. चेंडूचा व्यास अवघा बावीस सेंटिमीटर. फोटोत चेंडूची दोरी होईल. म्हणून फुटबॉलला पाचशेवा भाग हा अगदी खालचा दर आणि हजारावा भाग हा रास्त दर. यात कोणाशी घासाघीस करता येत नाही.

आता हा दर परवडतो कोणाला, ते पाहू. चाळीतल्या नळावर पाणी भरण्याची ज्यांना सवय आहे त्यांना फोटोग्राफी शिकवावी लागत नाही. घागर भरायची तर तीन गोष्टींचा मेळ हवा: नळ किती उघडला, किती वेळ उघडा ठेवला आणि घागर केवढी. लेन्सचे भोक, ज्याला अ‍ॅपर्चर म्हणतात, तो नळ. शटर म्हणजे वेळ. आणि फिल्मचा वेग, आजच्या भाषेत आयएसओ, म्हणजे भांडे: आकडा लहान तर घागर मोठी, आकडा मोठा तर नुसता तांब्या, तो चटकन भरतो. तांब्याने भरलेले पाणी मात्र थोडे गढूळ येते, म्हणजे चित्रात दाणे दिसतात. अ‍ॅपर्चरचा आकडा उलटा चालतो, एफ १६ म्हणजे बारीक धार आणि एफ २.८ म्हणजे नळ पुरता सोडलेला. आणि नळाला पाणी किती जोराने येते, ते आकाशावर अवलंबून.

येथे मुंबईची गंमत आहे. विलायतेत फुटबॉल हिवाळ्यात. मुंबईत तो पावसाळ्याचा खेळ झाला. कोरड्या दिवसांत मैदाने क्रिकेटच्या ताब्यात असत. पाऊस पडून जमीन मऊ झाली, खेळपट्ट्या झाकल्या गेल्या, की फुटबॉलवाल्यांना मैदान मिळे. जुलै-ऑगस्टमध्ये, पाच वाजता, सर येण्याच्या तोंडावर आकाश कसे असते ते उपनगरात राहणाऱ्याला सांगायला नको. अशा दाट ढगांत आयएसओ ५० च्या फिल्मवर एफ ४ ला शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके तरी ठेवावे लागते. १९३० च्या सुमारास पुष्कळ फिल्मा या दर्जाच्या किंवा त्याहूनही मंद होत्या. खेळाला हवा पाचशेवा भाग, मिळतो पन्नासावा. म्हणजे शटर हव्या त्या वेगाने चालवले, तर फिल्मवर लागेल त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रकाश पडणार. फोटो काळाच. हा दोष फोटोग्राफरचा नव्हे. शटर होते: लायका आणि काँटॅक्स या जर्मन कॅमेऱ्यांत तिशीतच हजारावा भाग आला होता. पण नळाला पाणी नव्हते. उलट ज्या खेळाला डिसेंबरचे लख्ख ऊन मिळाले, त्या क्रिकेटचे फोटो त्याच कॅमेऱ्यांनी, त्याच फिल्मवर निघत होते. कामगारवस्तीचा खेळ ढगाखाली आणि जिमखान्याचा खेळ उन्हात, अशी ही वाटणी ऋतूने केली म्हणा किंवा मैदानांच्या मालकीने केली म्हणा.

तरीही वर्तमानपत्रांत फुटबॉलचे फोटो येत असत. ते कसे निघत हे पाहण्यासारखे आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांतील वृत्तछायाचित्रकाराचे नावाजलेले हत्यार म्हणजे स्पीड ग्राफिक. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी मुंबईत आपल्या कामाची सुरुवात केली. पुढे त्यांच्याही हातात हा कॅमेरा होता. चार इंच बाय पाच इंचांची फिल्म, एका होल्डरमध्ये दोनच पत्रे. एक फोटो काढला की होल्डर उलटा, पट्टी काढा, शटर चढवा, मग दुसरा. तेवढ्यात गोल होऊन खेळाडू मध्यरेषेवर परतलेले असत. लेन्स साधी, जवळचे दाखवणारी. पन्नास मीटरवरचा खेळाडू त्या एवढ्या मोठ्या फिल्मवर जेमतेम चार-पाच मिलिमीटर उंचीचा येई. मग फोटोग्राफर काय करणार? तो गोलच्या मागे किंवा बाजूला जाऊन बसे, गोलच्या तोंडाशी फोकस लावून ठेवी आणि खेळ आपल्याकडे येण्याची वाट पाही. चेंडू उडीच्या टोकाला आणि गोलरक्षक हवेत असताना क्षणभर सगळे थांबल्यासारखे होते. त्या क्षणी बोट दाबायचे. म्हणून जुन्या फुटबॉलच्या फोटोंचा नायक गोलरक्षक होतो. तो एकटा कॅमेऱ्याच्या आवाक्यात होता. मैदानाच्या मध्यभागी नव्वद मिनिटे राबणारा हाफबॅक, ज्याच्या जिवावर संघ चाले, तो फोटोत बहुधा आलाच नाही. कारखान्यातही असेच असते, पण तो विषय आज नको.

त्यानंतर छापखाना. वृत्तपत्राच्या कागदावर फोटो छापायचा तर हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि त्या कागदाला जाळी जाड लागे. बारीक तपशील त्या ठिपक्यांत गडप होई. जगभरच्या वृत्तपत्रांत तेव्हा चित्रातून निसटलेला चेंडू ब्रशने रंगवून आत घालण्याची चाल होती. आजच्या वृत्तसंस्था चित्रात काही घालण्यास वा काढण्यास सक्त मनाई करतात, ते योग्यच आहे. पण त्या जुन्या कारागिराचा आम्हांला राग येत नाही. यंत्राने जे दिले नाही ते त्याने हाताने भरले.

या अंधारात किती माणसे बुडाली याची कल्पना एका नावाने येईल. नेव्हिल डिसूझा. मूळचा गोव्याकडचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, त्यांत नेव्हिलने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत चौथा आला. वांद्र्याला रिक्लमेशनवर त्याच्या नावाचे मैदान आहे, आणि लीगचे सामने तेथे होतात. त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना आम्ही विचारून पाहिले: नेव्हिल धावताना कसा दिसे? चेंडू कोणत्या पायाने मारी? नाव सर्वांना ठाऊक. चित्र कोणाच्या डोळ्यांपुढे नाही. त्याच काळातील क्रिकेटपटूंचे कव्हर ड्राइव्ह मात्र त्याच मुलांना फोटोंतून पाठ आहेत. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकून गेला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने हा चषक पहिल्यांदा हिंदी संघाकडे आणला. हे सगळे पावसाळी फुटबॉलच्या बैठकीतले सरदार. त्यांची आठवण मात्र बहुतेक बसलेल्या फोटोंतच राहिली. कूपरेज हे नावच पिंपे बांधणाऱ्या कारागिरांच्या जागेवरून पडलेले आहे, तेव्हा कारागिरांना विसरण्याची त्या जागेला सवय असावी.

फिल्मचा प्रश्न पुढे सुटू लागला. १९५४ साली कोडॅकची ट्राय-एक्स पस्तीस मिलिमीटरच्या रिळात आली. आजच्या मापाने आयएसओ ४००. दाट ढगांत एफ ४ ला आता चारशेवा भाग मिळू लागला, आणि डेव्हलपरमध्ये फिल्म जास्त वेळ ठेवून, म्हणजे ‘पुश’ करून, आठशेवा. १९५९ साली निकॉन एफ आला. त्याला लांब लेन्सही बसे आणि पुढे मोटरही. म्हणजे साठीत जगात फुटबॉलचा धावता फोटो शक्य झाला होता. आपल्याकडे? परदेशी कॅमेरा आणि फिल्म दोन्ही आयात परवान्याच्या कचाट्यात. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९६० साली स्थापन झाली आणि ‘इंदू’ फिल्म निघू लागली, ही गोष्ट अभिमानाची. पण लांब लेन्स काही उटीला होत नव्हती. हौशी माणूस शंभर फुटी रीळ आणून अंधारात हाताने कॅसेटमध्ये भरी. एका रिळातून अठरा-एक कॅसेट निघत. आम्हीही पुढे असेच भरत असू. एका कॅसेटमध्ये छत्तीस फोटो. मोटर लावली तर दहा-बारा सेकंदांत खलास; म्हणून मोटर परवडणाऱ्यालाही ती परवडत नसे. नव्वद मिनिटांना दोन रिळे हा आमच्याकडचा उदार हात. सामना कारखान्यांचा असेल तर एक रीळ, आणि त्यातलेही निम्मे बक्षीस समारंभासाठी राखून ठेवलेले, कारण पैसे देणाऱ्याला तेच फोटो हवे असत.

आणि मग कॅमेरा जेव्हा खरोखर पोहोचला, तेव्हा संघ उठून गेले होते. ही या इतिहासातील आम्हांला सर्वांत खटकणारी गोष्ट. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची क्रीडामंडळेही. १९८५ साली मिनोल्टाने आपोआप फोकस करणारा कॅमेरा बाजारात आणला. १९९९ साली निकॉनचा डी-१ निघाला आणि वृत्तछायाचित्रकारांच्या हातून फिल्म सुटू लागली. दोनच वर्षांत रोव्हर्स चषक बंद झाला, २०००-०१ नंतर तो झाला नाही. महिंद्रांचा संघ १९६२ पासूनचा. त्यांचा कांदिवलीचा कारखाना आमच्या उपनगरांतला, म्हणून तो संघ आम्हांला घरचा वाटे. २००५-०६ साली तो राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० साली विसर्जित झाला. ऑर्के मिल्स गेली. कॅलटेक्स, जो संघ १९५८ साली रोव्हर्स जिंकला, तो त्याआधीच गेला. चाकरीच्या संघात खेळाडूला कमी पगाराची का होईना, पण कायम नोकरी मिळे. गुडघा गेला तरी मस्टरवरचे नाव राही. आजच्या व्यावसायिक क्लबात पैसा पुष्कळ, पण मस्टर नाही. यांतले कोणते बरे, यावर आम्ही तासभर बोलू शकू, म्हणून बोलत नाही.

उपनगरांना मोठे फुटबॉल मिळाले ते अंधेरीला. वीरा देसाई रस्त्यावरील शहाजी राजे क्रीडासंकुल १९८८ साली उभे राहिले. बाहेरच्या लोकांना ते माहीत झाले १९९६ साली मायकेल जॅक्सन तेथे नाचून गेला म्हणून! २०१६ पासून मुंबई सिटीचा संघ तेथे खेळू लागला. त्या वर्षी उरुग्वेच्या दिएगो फोरलानने केरळविरुद्ध तेथे तीन गोल केले. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो २०१८ चा जून. आंतरखंडीय चषकाच्या पहिल्या सामन्यात भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले, सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि प्रेक्षागार बहुतांश रिकामे होते. छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानात येण्याची विनंती केली. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. अंधेरीचे मैदान भरले आणि पाऊसही तसाच कोसळला. रात्र, मुसळधार सरी, पाण्याने भरलेले मैदान: जुन्या फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत घालून घर गाठले असते. त्या रात्रीचे फोटो जगभर गेले. पाण्याच्या पडद्यामागे धावणारी माणसे, बुटाखालून उडालेली चिळकांडी, सगळे त्यांत आहे. मुंबईच्या पावसाळी फुटबॉलला शंभर-सव्वाशे वर्षांनी आपला चेहरा मिळाला, असे आम्ही समजतो.

आता तरुण मंडळींचा मूळ प्रश्न. दिव्याखालच्या सामन्यात नळ पुरता सोडावा, म्हणजे एफ २.८, शटर हजारावा भाग, अगदीच नड असेल तर आठशेवा, आणि आयएसओ ३२०० ते ६४००, दिवे जसे असतील तसा. चित्रात थोडे दाणे आले तरी चालतील. दाणे सहन होतात, धूर सहन होत नाही. पावसाळी दुपारी एफ ४, हजारावा भाग आणि आयएसओ हजार ते सोळाशे यांवर काम होते. बोरिवली-मुलुंडच्या शाळांच्या मैदानांवर रविवारी सकाळी लख्ख ऊन असते, तेव्हा आयएसओ २००, एफ ५.६ आणि सोळाशेवा भाग. सारे आकडे हातानेच लावावेत. कॅमेऱ्यावर सोडले तर पांढरी जर्सी समोर येताच तो चित्र काळे करतो आणि काळ्या ढगासमोर उगाच उजळ करतो. खेळाडूच्या चेहऱ्यावरचा प्रकाश मात्र तोच असतो. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या पद्धतीवर ठेवावा आणि तो शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर, अंगठ्याखाली द्यावा. मध्येच पंच आडवा आला की अंगठा उचलायचा. फोकस होता तेथे राहतो. पावसात दिव्याने चमकणारे थेंब फोकसला फसवतात, तेथे हा अंगठा फार उपयोगी पडतो.

जुने मेटल हॅलाइड दिवे असतील तर आणखी एक घोटाळा. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे करते, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्याला कळत नाही. हजाराव्या भागाला कळते. लागोपाठ काढलेल्या तीन फोटोंपैकी एक पिवळा, एक बरा आणि एक काळपट येतो, आणि बिचारा नवशिका कॅमेरा दुरुस्तीला नेतो. २०१४ पासूनच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ही लुकलुक ओळखण्याची सोय आली आहे. ती चालू करावी. नव्या आवाज न करणाऱ्या शटरबद्दलही सावध राहावे. स्वस्त कॅमेऱ्यांत ते चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते, तेवढ्यात चेंडू पुढे सरकतो आणि फोटोत त्याचे अंडे होते. हा रोग नवा नाही. लार्तिग नावाच्या फ्रेंच तरुणाचा १९१२ सालचा म्हणून प्रसिद्ध असलेला मोटारीच्या शर्यतीचा फोटो आहे. त्यात मोटारीचे चाक तिरके कललेले दिसते, कारण त्या शटरची फटही अशीच सरकत असे. तेथे ते वेगाचे सौंदर्य ठरले. चेंडूचे अंडे मात्र कोणी छापत नाही.

बसायचे कोठे? गॅलरीच्या माथ्यावरून फोटो काढणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. गोलरेषेच्या मागे, कोपऱ्याच्या निशाणाकडे, जमिनीलगत बसावे. खालून पाहिले की खेळाडू आकाशावर उठतो आणि मागच्या जाहिरातींचे फलक धूसर होतात. गोल झाल्यावर कॅमेरा खाली ठेवू नये. ज्याने गोल खाल्ला त्याच्याकडेही एकदा वळावे.

सामान किती घ्यावे, यात मात्र चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला फार होतो. मैदानावर ४०० मिलिमीटर, एफ २.८ ची लेन्स पाहिली की मुले हरखून जातात. पूर्वी ती पाच-सहा किलोंची असे, आता तीन किलोंच्या आत आली आहे. किंमत मात्र लाखांत मोजावी लागते. तीतून पन्नास मीटरवरचा खेळाडू पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या निम्म्याहून अधिक उंची व्यापतो, हे खरे. पण लहान सेन्सरचा वापरलेला कॅमेरा घेतला आणि त्याला ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ ची जुनी लेन्स लावली, तर तोच खेळाडू चौकटीच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के उंचीचा येतो. गोलच्या तोंडाशी तो पुरेपूर भरतो. बॉडी जुनी चालेल, लेन्स हलकी चालणार नाही. एफ ५.६ ची स्वस्त झूम उन्हात ठीक. दिव्याखाली तिचा नळ चौथाईच सुटतो. एक मोनोपॉड, दोन बॅटऱ्या, दोन कार्डे, आणि कॅमेऱ्यावर ओढायला दुधाची जाड पिशवी कापून शिवलेली टोपी. लेन्स पुसायला जुन्या सुती धोतराचा तुकडा. मरोळच्या गोदामात रात्रपाळी करणारा एक मुलगा एवढ्याच सामानावर रविवारी लीगचे सामने टिपतो. त्याच्या फोटोंत हाफबॅक असतात.

त्याला आम्ही सामानापेक्षा कागद जास्त जपायला सांगतो. १९५५ च्या श्रमिक पत्रकारांच्या कायद्यात संपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार यांच्या बरोबरीने वृत्तछायाचित्रकाराचे नाव स्पष्ट लिहिले गेले. त्यासाठी त्या पिढीने झगडा केला. पण ते संरक्षण वृत्तपत्राच्या नोकरीत असणाऱ्याला होते. सामन्यागणिक पैसे घेणारा आजचा मुलगा त्यात बसला नसता. हत्यार त्याचे, हप्ता त्याचा, भिजले तर दुरुस्ती त्याची. आणि १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम १७ असे की कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे पाचशे रुपड्यांत काढलेला फोटो उद्या जाहिरातीच्या फलकावर चढला तरी बोलायची सोय नाही. म्हणून सामन्याआधी अर्ध्या पानावर लिहून घ्यावे: फोटो किती देणार, ते कोठे आणि किती दिवस वापरणार, हक्क कोणाकडे, फोटोखाली नाव कोणाचे, पावसाने सामना रद्द झाला तर हजेरीचे किती, आणि कॅमेऱ्याला चेंडू लागला तर भरपाई कोणाची. आणि त्याच कागदाच्या मागे, जर्सीच्या आकड्यांसमोर, अकराही खेळाडूंची पूर्ण नावे.